डायची भीती आणि जिन्यावरचं दडपण

प्रश्न : माझी आई ६४ वर्षांची आहे. पंधरा वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दोन महिन्यांपासून दोन मजले चढली की तिच्या छातीत दडपल्यासारखं होतं आणि थांबली की दोन-तीन मिनिटांत जातं. ईसीजी आणि इको नॉर्मल आले. डॉक्टरांनी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी (डाय टोचून सीटी यंत्रावर काढलेली हृदयाच्या धमन्यांची चित्रं) सांगितली आहे. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ५६ (दोन्ही किडनीच्या कामाचे आकडे). वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी डाय (चित्रात आतले भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते द्रव्य) टोचून एक्स-रे काढले होते, तेव्हा तिच्या अंगावर पित्त उठलं होतं. मावशी म्हणते, डायने किडनी जाते. मामा म्हणतो, सीटीच्या भानगडीत न पडता सरळ हातातून नळी घालून अँजिओग्राफी करा, ब्लॉक निघाला तर तिथेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकतील. भाऊ म्हणतो, एमआरआय करू, त्यात किरण नसतात. आई म्हणते, मला काहीच करायचं नाही. मी ३८ वर्षांची आहे, आता मलाही तपासून घ्यावंसं वाटतंय. काय करू?
– चौघांच्या मधे अडकलेली

उत्तर : आधी एक ताकीद. आईचं दडपण बसल्या जागी आलं, दहा मिनिटांत ओसरलं नाही, सोबत घाम फुटला, धाप लागली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर सीटीची तारीख, मावशी, मामा आणि माझं हे उत्तर सगळं बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं. दोन मजल्यांना येणारं दडपण एकाच मजल्यावर यायला लागलं, तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. असं घडलं तर तो तारीख घेऊन करायच्या तपासणीचा मामला उरत नाही.

आता चौघांकडे वळते. मावशीची भीती मला कळते, मामाची घाईही कळते. सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आईच्या 'काहीच नको'ची. श्रमाने यायचं आणि थांबल्यावर जायचं, ही हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. ईसीजी आणि इको नॉर्मल आले म्हणून घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला असेल, पण त्या दोन्ही तपासण्या आई निवांत पडलेली असताना झाल्या. हृदयाला जास्त रक्त लागतं ते जिन्यावर, टेबलावर नाही. शिवाय पंधरा वर्षांच्या मधुमेहात धमन्यांचा आजार पुष्कळदा गुपचूप वाढतो, कधी छातीत साधं दडपणही येत नाही. आईला ते येतंय, म्हणजे शरीर अजून बोलतंय. तपासणीचे धोके तोलताना समोरच्या पारड्यात हेही टाका. तुमच्या पत्रात नेमकं तेवढंच पारडं रिकामं आहे.

मावशी म्हणते त्या डायकडे येऊ. ही भीती हवेतून आलेली नाही. १९३० ते १९५० च्या दशकांत रक्तवाहिन्यांची चित्रं काढायला थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य सर्रास टोचत. चित्र सुरेख येई आणि रुग्णाला टोचताना त्रासही होत नसे. पण ते होतं थोरियम डायऑक्साइड, म्हणजे किरणोत्सारी. एकदा यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसलं की बाहेर पडत नसे, आणि वीस-तीस वर्षांनी त्याच यकृतात कॅन्सर निघे. रेडिऑलॉजी, म्हणजे शरीराची आतली चित्रं काढून निदान करणं, या माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलं हे काळं पान आहे आणि आम्ही ते विसरू नये. आज वापरतात ते डाय वेगळं. त्यात आयोडीन असतं, किरणोत्सार नसतो, आणि मूत्रपिंडं चांगली असतील तर बहुतेक सगळं एका दिवसात लघवीवाटे निघून जातं.

डाय मूत्रपिंडांवाटे जातं, म्हणूनच प्रश्न किडनीपाशी येतो. डायनंतर काही रुग्णांचं क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे किडनीचं काम मंदावतं, हे खरं. पण ते डायमुळे किती आणि मुळात माणूस आजारी होता म्हणून किती, यावर गेल्या काही वर्षांत बरंच काम झालं आणि शिरेतून दिलेल्या डायवरचा दोष पूर्वी वाटत होता त्यापेक्षा कमी निघाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजी आणि किडनी या दोन्ही क्षेत्रांतल्या संस्थांनी मिळून जी भूमिका मांडली, तिच्यानुसार खरी काळजी ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडाला नुकतीच अचानक इजा झालेली असेल तेव्हा घ्यायची. आईचा आकडा ५६ आहे. मूत्रपिंडं थोडी थकलेली आहेत, पण ज्या रेषेची मावशीला भीती आहे ती बरीच दूर आहे. फक्त हा आकडा ताजा आहे ना, एवढं बघा. सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर पुन्हा रक्त द्या.

त्या दिवशी काय करायचं? उलट्या-जुलाब होऊन अंग कोरडं पडलेलं असताना डाय घ्यायचं नाही, तारीख पुढे ढकलायची. आदल्या दिवशीपासून पाणी नीट प्यायचं, फक्त हृदय कमजोर म्हणून पाण्यावर बंधन घातलेलं नसावं. आईचा इको नॉर्मल आहे, तेव्हा ती अडचण दिसत नाही. सांधेदुखीसाठी ती अधूनमधून वेदनाशामक गोळ्या घेत असेल तर त्या दोन-चार दिवस बंद ठेवता येतील का ते डॉक्टरांना विचारा. किडनीला त्या गोळ्यांचा त्रास पुष्कळदा डायहून जास्त होतो, आणि त्या 'औषध' म्हणून कुणी मोजतच नाही. मेटफॉर्मिन स्वतः किडनी बिघडवत नाही. भीती एवढीच की किडनी अचानक मंदावली तर ते शरीरात साचतं आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढतं. ५६ ला आणि शिरेतल्या डायला ते थांबवायची गरज सहसा नसते, पण बरीच केंद्रं सावधगिरी म्हणून त्या दिवशी आणि पुढचे ४८ तास थांबवायला सांगतात. तिथे वाद घालू नका, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. किडनी वाचवायला म्हणून पूर्वी एन-ॲसिटिलसिस्टीनच्या पुड्या देत. मोठ्या चाचणीत त्यांचा उपयोग दिसला नाही. कुणी आग्रहाने त्या सुचवल्या तर 'नको' म्हणायला हरकत नाही.

तुमच्या पत्रातली मला खरी महत्त्वाची वाटलेली ओळ म्हणजे अंगावर उठलेलं पित्त. ती तुम्ही ओघात लिहून गेलात, पण सीटीच्या फॉर्मवर ती सगळ्यात वर यायला हवी. त्या काळात डायचे दोन प्रकार वापरात होते, जुनं आणि नवं, आणि दोन्हींत खूप फरक होता. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद करून १९९० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या डायने शंभरात जवळपास तेरा जणांना काही ना काही त्रास झाला होता, नव्या डायने तिघांना. गंभीर त्रासाचं प्रमाण जुन्या डायला दहा हजारांत २२ आणि नव्याला ४. आज बहुतेक सगळीकडे नव्या जातीचंच डाय वापरतात. आईला तेव्हा कुठलं टोचलं होतं, हे जुन्या कागदांत सापडलं तर सोनं. नाही सापडलं तरी पित्त उठलं तेव्हा श्वास लागला होता का, रक्तदाब पडला होता का, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं का, हे आईला शांतपणे विचारून लिहून ठेवा. नुसतं पित्त आणि दम लागून घसा आवळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एकदा त्रास झाला म्हणून डाय कायमचं बंद, असं नसतं. साध्या पित्ताच्या इतिहासात दुसऱ्या नावाचं डाय वापरणं हा पहिला उपाय. काही ठिकाणी आधी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, साधारण १३, ७ आणि १ तास आधी, सोबत पित्ताची गोळी. त्या स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत, कारण आईला मधुमेह आहे आणि स्टेरॉइडने साखर दोन दिवस वर राहते. ठरलंच तर साखर किती वेळा बघायची आणि किती वाढली तर फोन करायचा, हे आधी विचारून ठेवा. श्वास अडकण्यासारखं झालं होतं असं निघालं, तर मात्र डाय न लागणारा दुसरा मार्ग शोधणं शहाणपणाचं. आणि एक अफवा इथेच मोडते : कोळंबी-खेकडे सोसत नाहीत म्हणजे डाय सोसणार नाही, हे खरं नाही. त्या ॲलर्जीचं कारण त्या प्राण्यांतली प्रथिनं, आयोडीन नव्हे.

मी तीसेक वर्षं रेडिऑलॉजीत काढली. सीटीच्या दारात मला डायपेक्षा अर्धवट भरलेल्या फॉर्मची धास्ती जास्त वाटे. एका गृहस्थांनी सगळ्या रकान्यांत 'नाही, नाही, नाही' लिहिलं होतं. नाडी कमी करायची गोळी त्यांच्या हातात देणार, एवढ्यात शर्टाच्या खिशात दम्याचा पंप दिसला. त्या गोळ्या दम्याच्या माणसाचा श्वास आवळू शकतात. हृदय हलतं म्हणून चित्र पुसट येऊ नये, यासाठी नाडी ६० च्या आसपास आणायची असते, तेवढ्यासाठीच त्या देतात. धमन्या रुंद दिसाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. घरातल्या कुणा पुरुषाची ही तपासणी कधी निघाली, तर सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताठरतेची गोळी घेतलेली असल्यास ती लाज न बाळगता सांगायची, कारण दोन्ही एकत्र झाल्या की रक्तदाब धाडकन खाली येतो. लाजेपायी ही गोष्ट लपवणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

आता किरण. भावाने तो मुद्दा काढलाच आहे. किरणांचं माप मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात. आपण सगळे नुसते जमिनीवर राहून माती, हवा, आकाश आणि स्वतःच्या शरीरातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट घेतच असतो. छातीच्या एक्स-रेला ०.१ किंवा त्याहून कमी लागतात. हृदयाच्या सीटीला पूर्वी १०-१५ लागत, आता चांगल्या यंत्रावर आणि नाडी शांत असेल तर ३ ते ५, कधी त्याहूनही कमी. नाडीची ती गोळी इथेही कामाला येते. हातातून केलेल्या अँजिओग्राफीला साधारण ५ ते ७, तिथेच स्टेंट टाकला तर १५ च्या घरात. किरणोत्सारी औषध टोचून केलेल्या हृदयाच्या न्यूक्लिअर स्कॅनला १० च्या आसपास. म्हणजे 'सीटीत किरण असतात म्हणून अँजिओग्राफी' हा हिशेब जुळत नाही.

या आकड्यांमुळे कॅन्सर किती होतो? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालाचा अंदाज असा की शंभर माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट दिले, तर त्यांतल्या एकाला आयुष्यात त्यामुळे कॅन्सर होईल. त्याच शंभरांत ४२ जणांना इतर कारणांनी कधी ना कधी होणारच असतो. तोच हिशेब सरळ रेषेत खाली आणला तर ५ मिलिसिव्हर्टला दोन हजारांत एक. इतक्या कमी मात्रेत ती रेष खरंच सरळ राहते का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, आम्ही सावधगिरी म्हणून ती सरळ धरतो. शिवाय किरणांचा कॅन्सर उगवायला बहुधा दशकं लागतात, म्हणून ६४ व्या वर्षी तोच डोस पंचविशीतल्यापेक्षा पुष्कळ कमी जोखमीचा. आईच्या बाबतीत किरणांची चिंता मी चिंतांच्या यादीत शेवटी ठेवेन.

मामाच्या सल्ल्यावर थोडी रेंगाळते, कारण तो घराघरांत मिळतो. धमनीत नळी घालून हृदयाच्या वाहिन्या रंगवण्याची युक्ती मुळात अपघाताने सापडली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये हृदयरोगतज्ज्ञ मेसन सोन्स दुसरीकडे डाय सोडायच्या तयारीत असताना नळीचं टोक चुकून उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं, त्यांनी त्याला खोकायला लावलं आणि ठोके परत आले. तोवर सगळ्यांची समजूत होती की असं झालं तर माणूस वाचणार नाही. आज ही तपासणी रोज होते आणि मनगटातून केली की मांडीपेक्षा रक्तस्रावही कमी होतो. तरी नळी धमनीच्या आत फिरते. रक्तस्राव, धमनीला इजा, क्वचित अर्धांगवायू, हे धोके थोडे पण खरे आहेत. डायही महाधमनीत सोडलं जात असल्याने किडनीकडे जास्त दाट पोहोचतं. युरोपातल्या २६ केंद्रांनी साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेली 'डिस्चार्ज' ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत दुखणं स्थिर असलेल्या, आजाराची शक्यता मध्यम असलेल्या रुग्णांत सीटीने सुरुवात केली काय किंवा नळीने, पुढच्या साडेतीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू यांत ठळक फरक पडला नाही. तपासणी आणि उपचारांतली मोठी गुंतागुंत मात्र सीटीच्या गटात शेकडा ०.५ आणि नळीच्या गटात १.९ होती.

आणि 'तिथेच स्टेंट' याची गोडी जरा आवरा. दुखणं स्थिर असेल तर नुसता ब्लॉक दिसला म्हणून लगेच स्टेंट टाकल्याने आयुष्य वाढतं असं 'इस्केमिया' या २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं नाही. छातीतलं दडपण कमी झालं, आणि तेही कमी मोलाचं नाही. म्हणून स्टेंटचा निर्णय टेबलावर पडल्या पडल्या न होता, चित्र समोर ठेवून बसून बोलून झालेला बरा. उलट स्कॉटलंडमधल्या 'स्कॉट-हार्ट' चाचणीत नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा त्याने मृत्यू शेकडा ३.९ वरून २.३ वर आला, आणि त्याचं श्रेय बहुतांशी त्या चित्रामुळे वेळेवर सुरू झालेल्या गोळ्यांना जातं. मामा चूक आहे असं मी म्हणत नाही. दडपण वाढत गेलं, किंवा सीटीत डावी मुख्य धमनीच अरुंद निघाली, तर मामाच बरोबर ठरेल.

सीटीची एक उणीव तुमच्या डॉक्टरांशी नक्की बोला. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. सीटीत ते पांढरंशुभ्र फुलून दिसतं, आतली वाट झाकते आणि ब्लॉक असतो त्याहून मोठा वाटतो. मग 'नीट कळत नाही' असा रिपोर्ट येतो आणि पुन्हा नळीची अँजिओग्राफी, पुन्हा डाय. म्हणून विचारा : आधी डाय न देता साध्या सीटीने कॅल्शियम स्कोअर, म्हणजे त्या साठ्याचं माप, बघून, खूप निघाला तर पुढची तपासणी बदलणार का? तशा वेळी हृदयाला श्रम देऊन केलेली इको चांगली, तिला डाय नाही आणि किरणही नाहीत. आणि दुसऱ्यांदा डाय द्यावंच लागलं, घाई नसली, तर मधे काही दिवस जाऊ देऊन क्रिएटिनिन पुन्हा बघायला सांगा.

भावाचा एमआरआय थोडक्यात. त्यात किरण नाहीत हे खरं, पण धडधडणाऱ्या हृदयाच्या बारीक धमन्या एमआरआयमध्ये सीटीइतक्या स्पष्ट येत नाहीत. ताण देऊन केलेला हृदयाचा एमआरआय स्नायूला रक्त कुठे कमी पडतंय ते छान दाखवतो, मात्र तो सगळीकडे होत नाही. त्यातही डाय असतंच, गॅडोलिनियम या धातूचं. मूत्रपिंडं पार खालावलेल्या काही रुग्णांची कातडी त्या डायने दगडासारखी कडक झाल्याचं २००६ मध्ये उघड झालं, मग त्यातली सुरक्षित जात वापरात आली. ५६ च्या ईजीएफआरला त्याची धास्ती नको. आईला डायचा खरोखर गंभीर त्रास झाला होता असं निघालं, तर भावाचा सल्ला वर काढा.

राहता राहिलात तुम्ही. ३८ वय आणि काही तक्रार नाही, तर डाय टोचून हृदयाचं सीटी तुम्ही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. या वयात किरणांचा हिशेब आईपेक्षा वेगळा आहे. शिवाय तक्रार नसताना घेतलेल्या चित्रात भलतंच काही दिसतं, फुफ्फुसावर एखादा बारीक ठिपका, आणि मग तो ठिपका काहीच नाही हे ठरवायला आणखी दोन-तीन सीटी. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल बघा, घराण्यात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला होता का ते डॉक्टरांना सांगा. कॅल्शियम स्कोअरचा विचार चाळिशीनंतर, आणि तोही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही हे अडलं असेल तर. दिवस गेले असण्याची शंका असेल, तर कुठल्याही सीटीआधी ते बोला.

आईसाठी एक निरोप. डाय आत जाताना अंगभर गरम लाट जाते, घशात धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. हे आधी माहीत नसलं की माणसं दचकून हलतात, चित्र बिघडतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. घरीच तिला दहा-पंधरा सेकंद श्वास धरून निश्चल पडून राहायचा सराव करवा. सुईच्या जागी आग झाली, सूज आली तर तिने लगेच ओरडायचं, तिथे संकोच नको. नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवा. जुनं पित्त परत येणार असेल तर बहुधा त्याच अर्ध्या तासात येतं.